नाटक संपल्यावर आत भेटायला जावं का? आणि गेलंच तर बोलावं काय?

निमा_कोथरूड (रविवार, रात्री १०:५०)

आज आईला घेऊन नाटकाला गेले होते. नाटकाचं आणि थिएटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नक्की चूक कोणाची हे मला दिवसभर ठरवता आलेलं नाही, म्हणून तर इथे लिहितेय.

आई ७४ वर्षांची, गुडघे गेलेत, पण नाटक म्हटलं की पहाटेपासून साडी काढून बसते. दुपारी साडेबाराचा प्रयोग. पहिल्या अंकात एक सीन आहे, आजी देवघरापुढे बसून वाती वळतेय आणि वळता वळता सुनेला एकेक टोमणा मारतेय. फार सुंदर काम केलंय त्या बाईंनी. पण सीन निम्म्यावर आला आणि आईने माझा हात दाबला, "अगं, ही म्हणतेय फुलवात आणि वळतेय मांडीवर!" मी म्हटलं गप्प बस. ती गप्प बसली पण मनातून गेलं नाही ते, मला कळत होतं.

शेवटी सगळे नमस्काराला आले तेव्हा नटाने नेहमीचं सांगितलं, नाटक आवडलं तर दहा जणांना सांगा, नाही आवडलं तर आत येऊन आम्हाला सांगा. झालं. आई निघाली सांगायला.

मेकअप रूमच्या बाहेर तीसेक माणसं, बोळ अरुंद, पंखा नाही, मधूनच कामगार "बाजू बाजू" करत सेटचे तुकडे काढतायत, एकदा तर अख्खं देवघरच आमच्या डोक्यावरून गेलं. वीस-पंचवीस मिनिटं आई भिंतीला टेकून उभी. मग त्या बाई बाहेर आल्या. साधा कुर्ता, विग काढलेला, केस जाळीत दाबलेले, कपाळावर डिंकाची पांढरी रेघ तशीच आणि हातात डब्याची पिशवी. आईने पुढे होऊन त्यांचा हातच धरला, "काम छान केलंत हो, पण ते वातीचं..." एवढंच. त्यांनी हात सोडवून घेतला, "थँक्यू काकू, साडेपाचला चिंचवडला प्रयोग आहे, सॉरी," म्हणाल्या आणि गेल्या. (काकू! त्या स्वतः साठीच्या असतील.)

रिक्षात आई एक शब्द बोलली नाही. मला आधी त्यांचा राग आला, मग घरी येऊन चहा घेतल्यावर आपलीच लाज वाटायला लागली, आणि आता नक्की कसलं वाटतंय तेच कळत नाही. तर या बाबतीत रीत काय असते? जायचं की नाही? हात धरला हे चुकलं का? आणि "आत येऊन सांगा" हे फक्त म्हणायचं असतं का?

---

मिसळ_वाली

अगं बिचाऱ्या काकू. पण खरं सांगू का, "अख्खं देवघर डोक्यावरून गेलं" वाचून मी खुर्चीत हसतेय, सॉरी.

मी कधीच आत जात नाही. एकदा गेले होते, नट समोर आला आणि माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही टीव्हीवर जाड दिसता." त्यानंतर मी आयुष्यात कोणाला भेटायला गेलेली नाही.

---

पडद्यामागचा

१९ वर्षं बॅकस्टेजला आहे, आधी सेट, आता लाइट्स. जरा लांबण लागेल, वाचा नाहीतर सोडा.

पहिलं म्हणजे लोकांना वाटतं पडदा पडला की काम संपलं. आमचं तिथे सुरू होतं. बहुतेक नाट्यगृहांत दिवसाची तीन सत्रं असतात, सकाळ-दुपार-रात्र, आणि प्रत्येक सत्राला वेगळं नाटक. म्हणजे तुमच्या आजीबाईंचा देवघराचा सेट सुटून टेम्पोत चढेपर्यंत पुढच्या नाटकाचा टेम्पो मागच्या दाराला येऊन उभा असतो, त्यांचे लोक शिव्या घालत असतात, आणि मेकअप रूमही त्यांना द्यायची असते. जास्त वेळ घेतला तर निर्मात्याच्या खिशाला लागतं. अशा वेळी त्या बोळात तीस माणसं, त्यात दोन ढकलगाड्या लहान मुलांच्या आणि एक काका बरोबर मध्यभागी फोनवर. आम्ही "बाजू" ओरडतो ते उद्धटपणा म्हणून नाही हो, फ्लॅटला, म्हणजे सेटच्या भिंतीच्या तुकड्याला, खालून खिळे असतात.

दुसरं. नटाला प्रत्येक प्रयोगाचे पैसे मिळतात, त्याला आमच्यात नाइट म्हणतात, दुपारी तीन वाजता असला तरी नाइटच. चांगली मागणी असलेला नट रविवारी दोन-दोन प्रयोग करतो, कधी एकाच नाटकाचे, कधी दोन वेगळ्या. तुमच्या बाईंचं साडेपाच चिंचवड म्हणजे हिशेब करा. तीनला पडदा, विग उतरवायचा, स्पिरिट गम निघायला तेल चोळावं लागतं नाहीतर कातडी येते सोबत, मग ट्रॅफिक, साडेचारला तिकडे पोचायचं आणि परत तोंडाला रंग. डबा खायचा कधी? गाडीत. डब्याची पिशवी हातात होती असं तुम्हीच लिहिलंय.

म्हणून कोणी विचारलं की मी सांगतो, प्रयोगाआधी कधीच जायचं नाही, कितीही ओळख असू दे. मध्यंतरात पण नाही, त्या दहा मिनिटांत कपडे बदलायचे असतात आणि बाथरूमला जायचं असतं, माणूस आहे. संपल्यावर जा, पण आधी दाराशी व्यवस्थापक असतो त्याला विचारा, "आज भेटतायत का, घाई आहे का?" तो खरं सांगतो. आणि दारावर टकटक करून स्वतः आत शिरायचं नाही. विशेषतः बायकांच्या मेकअप रूमवर. हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं.

प्रशांत दामल्यांचा १२,५००वा प्रयोग झाला २०२२च्या नोव्हेंबरात, षण्मुखानंदला. प्रत्येक प्रयोगानंतर फक्त दहाच माणसं भेटली असं धरा. सव्वा लाख होतात. सव्वा लाख वेळा "काम छान झालं" ऐकून हसायचं. मी तर वेडा झालो असतो.

---

खवट_खारीक

झालं, आले रडगाणं घेऊन. ५०० रुपयाचं तिकीट, बाल्कनीत बसवतात, एसी बंद, पार्किंगला अर्धा तास, वडा गार, आणि वर आता आम्हीच बोळात कसं उभं राहायचं याचे नियम पाळायचे. बालगंधर्व प्रेक्षकांना "अन्नदाते मायबाप" म्हणायचे. त्यांच्याच नावाच्या नाट्यगृहात आता मायबापाने दाराबाहेर व्यवस्थापकाची परवानगी काढायची.

आणि कोणी जबरदस्ती केली होती का, स्टेजवरून "आत येऊन सांगा" म्हणायची? नको असेल तर म्हणू नका. ७४ वर्षांची बाई पंचवीस मिनिटं उभी राहिली, तिला एक मिनिट नाही दिलं. मला यात काही चर्चा करण्यासारखं वाटत नाही.

---

पडद्यामागचा

@खवट मायबाप म्हणतात म्हणून पोराच्या खोलीत तो कपडे बदलत असताना शिरायचं का?

एसी आणि वड्याबद्दल मात्र १००% सहमत. तो एसी आमच्याही डोक्यावर बंदच असतो, आणि वर लाइट्स.

---

रेवा_०७

मी प्रायोगिक करते, दोन व्यावसायिक नाटकांत पण छोटी कामं केलीत, त्यामुळे दोन्हीकडची थोडी बाजू. नाव विचारू नका, ओळखलंत तरी गप्प बसा :)

निमा, आधी तुझ्या आईसाठी. त्या बाईंना नक्की वाईट वाटलं असणार, चिंचवडला जाताना गाडीत. आम्हाला वाटतं. पण त्या क्षणी काय होतं ना, पडदा पडल्यावर दहा-पंधरा मिनिटं आपण अर्धे तिकडे असतो. माझ्या एका नाटकात शेवटी मी मुलाच्या मृत्यूवर रडते, खरं रडते, मला खोटं जमत नाही. पडदा पडतो, मी नाक पुसत आत येते, आणि दारात एक काका, "अहो सिरियलमध्ये तुम्ही मेलात ना, परत कधी येणार?" काय उत्तर देणार. मी "बघू" म्हणाले.

आता हात धरण्याबद्दल. आजींनी हात धरला तर मला कधीच काही वाटत नाही, उलट बरं वाटतं. पण त्याच रांगेत मागे सेल्फीवाला असतो. न विचारता खांद्यावर हात, मग तो हात हळूच खाली, मग फोटो हलला म्हणून परत एकदा, मग त्याच्या मित्राबरोबर, मग व्हिडिओ कॉलवर वहिनी. अशी दहा वर्षं गेली की शरीर आपोआप आकसतं, समोर कोण आहे ते बघायच्या आधीच. तुझ्या आईचा हात सुटला तो बहुतेक त्या सवयीने सुटला असेल. असेल म्हणतेय, मला खात्री नाही.

फोटो काढायचा तर विचारा, एकदाच काढा, फोन आधीच कॅमेरा उघडून हातात ठेवा (पासवर्ड विसरणारे लोक मी मोजलेत, एका रविवारी सात). "ओळखलंत का?" हा खेळ खेळू नका. आम्ही २०१६ला नाशिकला भेटलो होतो ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही म्हटलं की तुमचा चेहरा पडतो आणि मग ते माझ्या डोक्यात रात्रभर राहतं.

आणि चूक सांगणं. मला वैयक्तिक विचारशील तर मला वातीचं हवंय! मी ती भूमिका करत असते तर पुढच्या प्रयोगाच्या आधी हवंय. पण त्या दहा मिनिटांत नकोय. त्या वेळी एक चूक सांगितली की आधी झालेलं सगळं छान पुसून जातं, माहीत नाही का पण जातं. लिहून पाठवा. पत्र. खरंच सांगते, मी मेसेज वाचून विसरते पण माझ्याकडे अकरा पत्रं आहेत आणि ती सगळी मेकअपच्या पेटीत असतात, वरच्या कप्प्यात.

---

जुना_प्रेक्षक

वय वर्षे ७१. दादरला शिवाजी मंदिर सुरू झाले १९६५ला, तेव्हा मी शाळेत होतो, नंतरचं सगळं पाहिलेलं आहे.

आज सेल्फी म्हणून नावं ठेवतात पण वेड आमच्याकडे काही कमी नव्हतं. डॉ. काशिनाथ घाणेकर. जाहिरातीत सगळी नावं झाली की शेवटी "आणि डॉ. काशिनाथ घाणेकर" एवढं यायचं आणि तिकीटबारीवर रांग लागायची. "अश्रूंची झाली फुले"मध्ये त्यांच्या लाल्याची एंट्री झाली की शिट्ट्या, टाळ्या, दोन मिनिटं कोणाला पुढचं वाक्य ऐकू येत नसे. प्रयोग संपला की मागच्या दाराशी आम्ही पोरं उभी. भेटायचं नव्हतंच हो. नुसतं दिसले, सिगरेट पेटवून गाडीत बसले, तेवढ्यावर महिनाभर कॉलेजच्या कट्ट्यावर गप्पा. मी त्यांच्याशी एक शब्दही बोललेलो नाही आणि तरी घरात सांगताना मी "आम्ही डॉक्टरांना भेटलो" असंच सांगायचो. बायको अजून चिडवते.

फरक एकच वाटतो. तेव्हा आमच्याकडे पुरावा ठेवायचं साधन नव्हतं, त्यामुळे जवळ जायची गरज पडत नसे. लांबून पाहिलं तरी पाहिलंच.

---

लंडनची_मावशी

इकडे वेस्ट एंडला थिएटरच्या आत कोणी तुम्हाला पाऊल ठेवू देत नाही, जे काय असेल ते बाहेर रस्त्यावर, मागच्या गल्लीतल्या दाराशी. नाव मोठं असेल तर लोखंडी कठडे लावतात, सिक्युरिटीवाला उभा राहतो आणि सांगतो, फक्त आजच्या नाटकाचं माहितीपुस्तक पुढे करा, दुसरं काही सही होणार नाही. (पुस्तक विकतच घ्यावं लागतं, फुकट नाही, महाग असतं.) ज्याचं त्याचं पेन हातात, टोपण काढून. नट एका टोकाने सुरू होतो आणि सरकत जातो, थांबून गप्पा नाहीत. आणि आला नाही तर नाही आला, कोणी पोस्ट टाकून रडत नाही. म्हणजे रडतात, पण बाकीचे त्यांना झापतात.

२०१५ला बार्बिकनला बेनेडिक्ट कंबरबॅच हॅम्लेट करत होता, तेव्हाची गोष्ट. प्रयोग चालू असताना लोक फोनवर शूटिंग करत होते, त्याला तिसऱ्या रांगेतला लाल दिवा स्टेजवरून दिसला. तो प्रयोग संपल्यावर मागच्या दाराशी जमलेल्या फॅन लोकांसमोर आला आणि म्हणाला, मी स्वतः सोशल मीडियावर नाही, तर माझं हे बोलणं तुम्हीच रेकॉर्ड करून पसरवा, पण प्रयोगात कृपा करून करू नका. म्हणजे ज्या फोनचा त्रास त्याच फोनकडून निरोप. मला ते फार आवडलं होतं. आणि चिडून नाही बोलला, काकुळतीने बोलला.

आपल्याकडेही सुबोध भावेने २०१९ला लिहिलं होतं ना, फोन असेच वाजत राहिले तर नाटकात काम करणंच थांबवेन म्हणून. मला वाटतं मागच्या दाराचं सगळं वागणं तिथून सुरू होतं. ज्याचा फोन दुसऱ्या अंकात वाजला तोच माणूस संपल्यावर पहिला आत येतो. हे मी स्वतः पार्ल्याला पाहिलंय, रिंगटोनवरून ओळखला.

---

टोकियोकर

लंडनच्या मावशींवर कडी करतो. जपानमध्ये ताकाराझुका म्हणून फक्त बायकांची संगीत नाटक मंडळी आहे, १९१४पासून प्रयोग करतेय, पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात आणि त्या पुरुषी भूमिका करणाऱ्यांवर इथल्या बायका जीव टाकतात. (बालगंधर्वांचं बरोब्बर उलटं. हे इथल्या ऑफिसात समजावून सांगायला मला एक अख्खा लंच लागला होता.)

तर त्यांच्या फॅन क्लबची पद्धत कोविडच्या आधी मी टोकियोतल्या हिबियाला थिएटरबाहेर बघितलीय. थिएटरात जाताना वाट बघायला एक शब्द, बाहेर येताना वाट बघायला दुसरा, दे-माची. प्रत्येक नटीचा वेगळा क्लब, त्यांची जागा ठरलेली, रांगेत उभ्या. नटी आली की पुढच्या सगळ्या बायका एकदम खाली बसतात, गुडघ्यावर, म्हणजे मागच्यांना दिसावं. कोणी ओरडत नाही. कोणी हात लावत नाही. फक्त पत्रं पुढे करतात, ती एकेक घेत पुढे जाते, दोन वाक्यं बोलते, सगळ्या मिळून "काळजी घ्या" छापाचं काहीतरी म्हणतात, संपलं. भर थंडीत दीड तास उभं राहून मिळालेली ही दोन मिनिटं. मी बसस्टॉपवरून बघत होतो आणि मला आमच्या सोसायटीच्या गणपतीची आरतीची रांग आठवली आणि फार वाईट वाटलं.

पण एक आहे, हे सगळं इतकं शिस्तीत होतं की मला थोडं गुदमरल्यासारखंही झालं. निमाच्या आईने हात धरला तसं तिथे कोणाला कधीच करता येणार नाही.

---

वेंगुर्ल्याचो

तुमची मेकअप रूम आमच्याकडे असताच खंय.

दशावतारात रंगपट म्हणजे देवळाची पडवी. संध्याकाळी मंडळी येतात, पेटारे उघडतात, आणि एकेक नट कंदिलाखाली आता बल्बखाली आरसो मांडीवर ठेवून स्वतःचा तोंड स्वतः रंगवतो. आम्ही पोरां समोर मांडी घालून बसायचो, बघत. कोण हाकलत नाही. एक नट तर माझ्या हातात आरसा द्यायचा धरायला, मी श्वास रोखून धरायचो कारण हललो की त्याची मिशी वाकडी.

पण एकदा का डोक्यावर मुकुट चढला की संपलं. मग तो देव. मग कोणी "काय रे बाबलो" म्हणत नाही, पाच मिनिटांपूर्वी त्याच्याकडून तंबाखू मागून घेतलेला माणूस पण बाजूला सरतो, म्हाताऱ्या तर पायाला हात लावतात. रात्रभर आख्यान, पहाटे दहिकालो, मग परत तोच माणूस विहिरीवर तोंड धुताना दिसतो, अर्धा विष्णू अर्धा आपला. तेव्हा जाऊन बोलायचं असतं. "बरा झाला हां काम." त्यापेक्षा जास्त कोण बोलत नाही. त्याला झोप आलेली असते आणि दुपारी चालत किंवा टेम्पोने पुढच्या जत्रेला जायचं असतं.

कोणाला फारच आवडलं तर प्रयोग चालू असतानाच बक्षीस देतो, आणि ते नावासकट जाहीर होतं. ५१ रुपये, अमक्याकडून. मधेच थांबून. त्याचं कोणाला काही वाटत नाही. म्हणजे तुमच्या हिशेबाने आमच्याकडे सगळंच चुकीचं आहे, पण मुकुटाला कोणी हात लावत नाही बघा.

---

मिसळ_वाली

"अर्धा विष्णू अर्धा आपला" _/\_

---

न्यूजर्सीकर

इथे कोणी अमेरिकेतल्या दौऱ्यांबद्दल बोलत नाहीये म्हणून लिहिते, कारण इकडे मागचं दार वगैरे प्रकारच नाही, नट थेट तुमच्या घरात राहायला येतो!

मराठी मंडळं नाटक बोलावतात तेव्हा हॉटेलचा खर्च वाचवायला कलाकारांची सोय सभासदांच्या घरी करतात. आमच्याकडे एकदा दोघं होते. आठ दिवसांत पाच शहरं, विमानं बदलत, सेट म्हणजे प्रत्येक गावच्या मंडळाने तिथे जमवलेला सोफा. शनिवारी प्रयोग झाला, रात्री साडेदहाला घरी आलो, आणि माझ्या नवऱ्याने हौसेने ३८ माणसं बोलावून ठेवली होती. पोटलक. पुरणपोळ्या, तीन प्रकारच्या. नट मंडळी सोफ्यावर ओळीने बसलेली, हातात प्लेट, आणि समोर एकेक जण येऊन "आम्ही पण तिकडे असताना एकांकिका करायचो" सांगतोय. एका पॉइंटला मी स्वयंपाकघरात गेले तर त्यातले वयाने मोठे होते ते तिथे फ्रिजला टेकून उभ्या उभ्या दहीभात खात होते. म्हणाले, "जरा पाच मिनिटं कोणाला सांगू नका मी इथे आहे." मी दिवा घालवला आणि बाहेर येऊन सांगितलं ते फोनवर आहेत.

त्यानंतर आम्ही नियम केला, प्रयोगाच्या रात्री घरात वरणभात आणि झोप. लोकांना भेटायचं तर दुसऱ्या दिवशी ब्रंचला, दोन तास, ठरलेले. आणि विशेष म्हणजे दुसऱ्या दिवशी तेच लोक इतके छान गप्पा मारतात, किस्से सांगतात, थांबवावं लागतं.

---

खवट_खारीक

दहीभातावर मी पण विरघळलो, मान्य. पण मुद्दा सोडत नाही. ठीक आहे, नट दमतो, नाइट, ट्रॅफिक, सगळं मान्य. मग स्टेजवरून तसं सांगा ना. "आज आम्हाला पुढच्या प्रयोगाला पळायचंय, भेटता येणार नाही, माफ करा." पंधरा सेकंद लागतात. माझी आई असती तर ती सरळ घरी आली असती, पंचवीस मिनिटं भिंतीला टेकली नसती. गोड बोलून बोलवायचं आणि मग घाई दाखवायची, हे बरोबर नाही म्हणजे नाही.

---

पडद्यामागचा

हे मात्र पटलं. खरंच. आमच्या नाटकात ते वाक्य पाठ म्हणून म्हटलं जातं, दोन प्रयोग असले काय आणि एक असला काय. उद्याच सांगतो. ऐकतील का माहीत नाही, निवेदन ज्याच्या तोंडी आहे त्याला स्वतःचा आवाज फार आवडतो.

---

रेवा_०७

@खवट +१. लिहिताना बोटं दुखली पण +१.

---

निमा_कोथरूड (गुरुवार, दुपारी)

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. अख्खा धागा आईला वाचून दाखवला. दशावतार दोनदा वाचायला लावला. "दमलेल्या बाईला मी कशाला अडवलं" असं म्हणून संध्याकाळभर हळहळली, आणि मग खवट यांचा शेवटचा प्रतिसाद वाचल्यावर "हा मुलगा बरोबर बोलतोय" म्हणाली. (खवट, तुम्ही मुलगा आहात का माहीत नाही, तिला सगळे मुलगेच.)

रेवा, पत्राची कल्पना तिने उचलली. मंगळवारपासून लिहितेय. चार पानं झालीत. पहिल्या पानावर कामाचं कौतुक, दुसऱ्यावर तिच्या सासूबाई कशा होत्या आणि त्या बाई सुनेकडे न बघता बोलतात ते कसं हुबेहूब, आणि तिसरं-चौथं पूर्ण वात. लांब वात मांडीवर वळतात, ती समईची. फुलवातीला कापूस बोटांत फुलवून घ्यायचा, खाली पसरट ठेवायचा आणि टोकाला दुधाचं बोट लावून पीळ द्यायचा, नाहीतर ती निरांजनात उभी राहत नाही. शेजारी आकृती काढलीय, बॉलपेनने.

मी म्हटलं शेवटची दोन पानं काढू या, दोन ओळींत सांग. तर ऐकायला तयार नाही. म्हणे एवढ्या मोठ्या नटीला दोन ओळींत कसं सांगायचं. निर्मात्याच्या ऑफिसचा पत्ता जाहिरातीवरून मिळाला, आज कुरिअर करायला गेलो. पाकीट मधेच फुगलेलं, काउंटरवरच्या मुलाने दाबून बघितलं आणि विचारलं, "आत काय आहे?" मला वाटलं कागद, मी तसंच सांगितलं. आई मागून म्हणाली, "पाच फुलवाती आहेत. नमुना."

त्याने फॉर्मवर "कॉटन" लिहिलं.

---

मिसळ_वाली

उत्तर आलं तर इथेच टाक. नाही आलं तरी टाक.

---

रेवा_०७

आकृतीचा फोटो काढून ठेवला असशील तर मला हवाय. पुढच्या महिन्यात माझं पण देवघर आहे एका नाटकात.